कुट्टीच्या पुस्तकातून गाळलेली ओळ

मित्रांनो, कसबा बावड्याच्या कडेला, जिथं घरांची रांग संपते आणि उसाची रानं सुरू होतात, तिथं आक्कांचा गोठा आहे. त्या गोठ्याच्या मागच्या भिंतीला टेकून एक जुनी कडबाकुट्टी उभी आहे. तिचा निळा रंग पोपडे धरून गळून गेला आहे, पट्टा कुणीतरी काढून नेला आहे आणि तिच्या तोंडात आक्कांची तांबडी कोंबडी अंडी घालते. ती कडबाकुट्टी म्हणजे मी. माझी अवस्था पाहून नाक मुरडू नका. चांगल्या दिवसांत माझा खडखडाट पार रस्त्यापर्यंत ऐकू जायचा.

शहरातल्या मुलांनी मला पाहिलं नसेल, म्हणून आधी माझं काम सांगते. शाळूचा कडबा, उसाच्या शेंड्याचं वाढं, ओली मका, म्हशीपुढं जे टाकायचं ते माझ्या तोंडात सारतात. दोन दातेरी रोलर ते आत ओढून घेतात. आत एक जड चाक गरगर फिरत असतं, त्याला दोन पाती असतात आणि ती पाती वैरणीचे बोटभर तुकडे करून पलीकडं उडवतात. बोटभर हा शब्द मी पूर्वी अगदी सहज म्हणायची. आता म्हणवत नाही. त्या चाकावर पत्र्याचं एक झाकण असतं, चौकटीला चार बोल्टांनी आवळलेलं. माझी गोष्ट ऐकताना त्या झाकणावर लक्ष असू द्या.

माझा जन्म कोल्हापुरातच, उद्यमनगरातल्या एका कारखान्यात झाला. वितळलेलं लोखंड वाळूच्या साच्यात ओतून माझं चाक घडवलं, घासलं, तोललं. माझे बोल्ट ज्यानं आवळले त्याचं नाव मोहसीन. अंगानं बारीक, बोलणं मोजकं, हाताला कधी घाई नाही. कारखान्यातला फिटर तोच आणि गावोगाव जाऊन बिघडलेल्या कुट्ट्या दुरुस्त करणाराही तोच. मी तयार होऊन बाहेर पडले तो दिवस खंडेनवमीचा होता. दसऱ्याच्या आदल्या दिवशी आपल्याकडं अवजारांची पूजा करतात, हे तुम्हाला ठाऊक असेलच. त्या कारखान्यात मशिनं धुऊनपुसून त्यांची झाकणं उघडून ठेवायचं काम दरवर्षी मोहसीनकडं असे. मग मालक येऊन पात्यांना हळदकुंकू लावत आणि चौकटीला झेंडूचा हार बांधत. मला न्यायला आलेला आक्कांचा मुलगा सम्राट ते सारं हात जोडून पाहत होता. मशीनची पूजा अशी करायची असते, हे त्यानं तिथंच शिकून घेतलं.

माझ्यासोबत एक पुस्तकही आलं होतं. सोळा पानांचं, गुळगुळीत कागदाचं आणि सगळंच्या सगळं इंग्रजीत. सम्राटनं ते पिशवीतून बाहेरसुद्धा काढलं नाही. विजेच्या मीटरमागं खोचून दिलं. पुढं त्या भिंतीला वाळवी लागली. ते पुस्तक कुणी वाचलं असेलच तर वाळवीनं.

गोठ्यातली पहिली वर्षं माझ्या कौतुकाची होती. मी येण्याआधी आक्का आणि त्यांची सून वर्षाराणी रोज विळा घेऊन वैरण तोडत बसायच्या, हाताला घट्टे पडेपर्यंत. मी आले आणि तेच काम चहा उकळेपर्यंत उरकू लागलं. शेजारपाजारच्या बायका मला बघायला यायच्या. आक्का ऐटीत सांगायच्या, "ही माझी धाकटी सून. खाती दांडगं, पर काम बी तसंच करती." वर्षाराणी पदर तोंडाला लावून हसायची. माझ्याशी सगळ्यात जास्त बोलणारी तीच. वैरण सारता सारता डेअरीतली भांडणं, सासूचा हेकटपणा, माहेरची आठवण, सगळं माझ्या आवाजाच्या आडोशानं सांगून टाकायची. कुणाला ऐकू जात नाही अशी तिची खात्री होती. मला मात्र शब्दन्‌शब्द ऐकू यायचा.

दर खंडेनवमीला सम्राट माझं झाकण काढायचा, पात्यांना कुंकू लावायचा आणि चौकटीला झेंडूचा हार बांधायचा. हा हार दसऱ्याची संध्याकाळ झाल्याशिवाय सोडायचा नाही, असा त्यांच्या घरचा दंडक. आणि चौकटीला हार असला की झाकण बसत नाही. माणसं दसऱ्याला सोनं वाटत हिंडतात, पण म्हशींना त्या दिवशीही वैरण लागतेच. मग वर्षातला तो एक दिवस मी उघडीच चालायची. सात वर्षं काही झालं नाही. काही झालं नाही म्हणूनच आठव्या वर्षी कुणाच्या मनात काही आलं नाही.

आठव्या दसऱ्याच्या सकाळी वर्षाराणी गोठ्यात एकटी होती. सकाळची वैरण तिनं माझ्या तोंडात सारली आणि हाराची गाठ सुटली. एक टोक लोंबकळलं आणि चाकाकडं ओढलं जाऊ लागलं. देवाचा हार पात्याखाली जाणार, एवढंच तिनं पाहिलं आणि विचार करायच्या आधीच तिचा हात पुढं आला. मित्रांनो, मला थांबता आलं असतं तर मी थांबले असते. पण आम्हा यंत्रांना थांबता येत नाही, आम्हाला थांबवावं लागतं. तिच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली. पलीकडच्या ढिगात झेंडूच्या पाकळ्या होत्या, वाढ्याचे तुकडे होते. आणखी काय होतं ते मी सांगणार नाही. माझ्याशी एवढं बोलणाऱ्या बाईला मीच जायबंदी केलं, याचं दुःख माझ्या लोखंडातून अजून गेलेलं नाही.

चौकशीसाठी कारखान्यानं मोहसीनलाच पाठवलं. तो आला, माझ्या उघड्या चाकाकडं पाहिलं, कोपऱ्यात उभं करून ठेवलेल्या झाकणाकडं पाहिलं आणि मशीनसोबतचं पुस्तक मागितलं. सम्राटनं मीटरमागचं पुस्तक काढून त्याच्या हातात दिलं. वाळवीनं वाचून उरलेल्या एका पानावर लिहिलेलं होतं की झाकणाशिवाय यंत्र चालवू नये. कारखान्याला त्याच्याकडून एवढाच कागद हवा होता की गिऱ्हाइकानं सूचना पाळली नाही. पुढं आक्कांना त्यानं स्वतःच सांगितलं म्हणून मला कळलं, त्यानं कागदावर वेगळंच लिहिलं. "सूचना गिऱ्हाइकाला वाचता येत नव्हती. झाकण काढून पूजा करायला ही माणसं आपल्याच कारखान्यात शिकली. तिथली झाकणं दरवर्षी मी स्वतः उघडत होतो." दिवाळी झाली आणि त्याला उद्यापासून येऊ नको म्हणून सांगण्यात आलं. पंधरा वर्षांची नोकरी त्या एका कागदापायी गेली.

नोकरी गेलेला माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता. मोहसीन अधूनमधून गोठ्यात यायचा. कधी माझा पट्टा ताणायचा, कधी नुसताच माझ्या जोत्यावर बसून राहायचा. वर्षाराणीचा हात बांधलेला होता तोवर तिच्याकडं त्याला बघवत नसे. घरी त्याची बायको तहरीम एका शब्दानं टाकून बोलत नव्हती आणि तेच त्याला जास्त लागत होतं. दुसऱ्या कारखान्यांत चौकशी केली, तर तो कागद त्याच्याआधी तिथं पोचलेला असायचा. कुणी तसं तोंडावर म्हणत नसे. कळवतो म्हणायचे आणि कळवायचे नाहीत. असे आठ महिने गेले. त्याची दाढी पांढरी दिसू लागली.

फोन मात्र बंद झाले नव्हते. त्यानं ज्यांच्या कुट्ट्या दुरुस्त केल्या होत्या, त्यांना त्याची नोकरी गेल्याचं काय माहीत? रोलर अडकला, पट्टा घसरला, पात्याची धार गेली, की ते त्यालाच फोन लावायचे. तो उठून बसायचा आणि शांतपणे सांगायचा, आधी करंट बंद करा, मग अमुक बोल्ट सैल करा, आता बघा. एकदा तहरीम त्याला म्हणाली, रोज तेच तेच सांगता, एकदा लिहूनच का काढत नाही? त्यानं एका कागदावर लिहिलं, कागदाचा फोटो काढला आणि विचारणाऱ्यांना पाठवू लागला. तो फोटो दूध संस्थांच्या ग्रुपवरून या गावाहून त्या गावाला फिरला आणि एक दिवस हंबीररावांच्या फोनवर जाऊन पोचला. हंबीररावांचा कुट्टीचा नवा कारखाना होता. त्यांना मशीनसोबत द्यायला मराठी पुस्तक पाहिजे होतं. हा कागद कुणी लिहिला, याचा शोध घेत त्यांनी मोहसीनला बोलावलं. दसऱ्याच्या खरेदीआधी पुस्तक छापून हवं होतं. हे जमलं तर पुढची सगळी पुस्तकं तुझीच, असं त्यांनी सांगितलं.

कागदावरची गोष्ट पुस्तकात उतरवताना मोहसीनची फार भंबेरी उडाली. पुस्तक म्हणजे काहीतरी भारदस्त असायला हवं, असं त्याच्या मनानं घेतलं. इंग्रजी पुस्तक पुढ्यात ठेवून त्यानं पहिली पानं लिहिली आणि ऐकवायला गोठ्यात आला. माझ्या जोत्यावर बसून त्यानं खणखणीत आवाजात वाचलं, "प्रचालकाने यंत्र कार्यान्वित करण्यापूर्वी संरक्षक आवरण यथास्थित असल्याची निश्चिती करावी."

आक्का धार काढत होत्या. त्यांनी मान वळवली. "ह्यो कुठल्या गावचा म्हणायचा रं, प्रचालक?"

"म्हंजे तुम्हीच की, आक्का. मशीन चालवणारा."

"मग मला आक्का म्हण की. मला न्हाय कळालं, तर म्हशीला कळणार व्हय?"

वर्षाराणी हसली. हाताला इजा झाल्यापासून ती हसलेली मी पहिल्यांदा ऐकली. ती म्हणाली, "भाऊ, फोनवर कसं सांगताय? तसंच लिवा की. तुमचा फोन ऐकून माझ्या माहेरच्यांनी पट्टा बसवला. ह्ये ऐकून कोण बसवंल?"

त्या दिवशी मोहसीननं ती पानं फाडून टाकली. मग रोज दुपारी तो येऊ लागला आणि त्यानं एक पद्धत काढली. एकेक पान लिहून वर्षाराणीच्या हातात द्यायचं आणि आपण दोन्ही हात पाठीमागं बांधून, तोंड मिटून उभं राहायचं. ती कागद वाचून माझा बोल्ट सोडायची, पातं काढायची, पट्टा ताणायची. जिथं ती थबकली, तिथलं वाक्य तो खोडायचा. चूक तिची नाही, वाक्याची, असं तो म्हणायचा. मला फार नवल वाटायचं. इतकी वर्षं माणसं मला शिकत होती आणि आता एक माणूस माझ्यासाठी माणसाची भाषा शिकत होता. एकदा पान्याचं वाक्य आलं. उजव्या हातानं पाना घट्ट धरा. वर्षाराणीनं उरलेल्या बोटांनी धरून पाहिला. पाना निसटून माझ्या पायाशी पडला. मोहसीननं 'उजव्या' हा शब्द खोडला आणि बराच वेळ वही तोंडासमोर धरून उभा राहिला.

पुस्तक संपत आलं तेव्हा तिनं विचारलं, "दसऱ्याचं लिवलंसा का?"

"झाकण काढून मशीन चालवू नका, असं लिवलंय की वहिनी."

"त्ये आमाला बी ठावं हुतं. पर हार बांधल्यावर झाकण बसत न्हाय. मग काय करायचं, त्ये कुठं हाय?"

उत्तर आक्कांनी दिलं. "कुंकू झाकणालाच लावा म्हणावं, बाहीरनं. हार बी झाकणावरच घाला. देव काय आतच बसलाय व्हय?"

वर्षाराणी खाली बघत म्हणाली, "आणि लिवा, हार आत ओढला जायला लागला तर जाऊ दे. हात घालू नगा. हार दुसरा मिळतुया."

मोहसीननं ते जसंच्या तसं लिहून घेतलं. तिनं त्याच्याकडून वचन घेतलं की एवढी ओळ पुस्तकात असेलच. तो म्हणाला, असेल. त्या सगळ्या वाक्यांना ते तिघं ओळ म्हणत, म्हणून मीही ओळच म्हणते. गेलेली बोटं काही परत येणार नव्हती. पण ती कुणाच्यातरी कामी येतील एवढीच तिची आशा होती. मलासुद्धा वाटलं, माझ्या हातून घडलेल्या पापाचं थोडं ओझं तरी उतरेल.

चारच दिवसांनी हंबीरराव गाडी घेऊन स्वतः गोठ्यावर आले. बायका दूध घालायला डेअरीत गेल्या होत्या. गोठ्यात मोहसीन, ते आणि मी. उभ्या उभ्या त्यांनी कागद चाळले आणि खूश झाले. "वाचताना आई सांगती असं वाटतंय गा," म्हणाले. मग त्या ओळीवर त्यांचं बोट थांबलं.

"ह्ये काढ."

"साहेब, ह्याच्यानंच बोटं गेल्यात इथं."

"माहीत हाय मला. पर पुस्तकात हे छापलं की गिऱ्हाईक म्हणणार, ह्यांच्या मशीननं बोटं जात्यात. आणि दुसरं सांगू? राग मानू नगंस." त्यांनी आवाज खाली आणला. "पुस्तकावर लिहिणाऱ्याचं नाव घालतो म्हणालोय मी तुझं. पूजा कशी करायची ते मोहसीननं सांगायचं? मला काय न्हाय वाटत. पर एखादा उठून म्हणंल, आमच्या पूजेत हात घालणारा ह्यो कोण? हल्लीचे दिवस कसे हाईत, बघतोयस की. तुलाच तरास हुईल."

पंधरा वर्षं मोहसीननं त्याच पूजेसाठी मशिनं पुसली होती, तेव्हा कुणी विचारलं नव्हतं. हे त्यानं बोलायला हवं होतं. आक्कांनी सांगितलेलं आहे, हेही बोलायला हवं होतं. नाव काढा पण ओळ ठेवा, असं तरी म्हणायला हवं होतं. मी माझ्या जागेवर ताठ उभी होते आणि मला वाचा नव्हती. पण एकदा खरं लिहून ज्याची भाकरी गेली आहे आणि जो आठ महिने रिकामा बसला आहे, त्याच्या तोंडातून दुसऱ्यांदा खरं लवकर निघत नाही. तो म्हणाला, "बरं साहेब." माझ्यासमोर म्हणाला. खिशातला पेन काढून ती ओळ त्यानं स्वतःच्या हातानं खोडली.

पुस्तक गणपतीच्या सुमारास छापून आलं. मोहसीन मात्र बरेच दिवस गोठ्याकडं फिरकला नाही. आला तेव्हा पुस्तक वर्षाराणीच्या हातात देऊन म्हशींकडं बघत उभा राहिला. तिनं पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत बोट फिरवलं. मग पुन्हा पहिल्यापासून.

"न्हाय की ह्यात," ती म्हणाली.

"फुडच्या छपाईत घालतो म्हणाल्यात वहिनी."

हे खोटं होतं. असं कुणी म्हणालं नव्हतं. मी तिथं होते ना. तिलाही ते कळलं असावं, कारण तिनं पुढं काही विचारलं नाही. पुस्तक मिटून तिनं खिडकीत ठेवलं आणि घमेलं उचलून वैरण टाकायला गेली. चहा घेणार का, असंसुद्धा विचारलं नाही. आमच्या गोठ्यात असं कधी घडलं नव्हतं.

त्या खंडेनवमीला आक्कांनी कुंकू माझ्या झाकणाला बाहेरून लावलं आणि हारही झाकणावरच घातला. माझे चारही बोल्ट आवळलेले होते. हंबीररावांच्या नव्या कुट्ट्या मात्र त्या दसऱ्याला गावोगाव पोचल्या होत्या, प्रत्येकीसोबत मोहसीनचं पुस्तक. पुस्तकाचं नाव झालं. पहिल्यांदा कुट्टीचं पुस्तक वाचून कळतंय, असं लोक म्हणू लागले. पंपवाल्यांनी, फवारणी यंत्रवाल्यांनी मोहसीनला बोलावणी धाडली.

दसऱ्यानंतर चार दिवसांनी तो भरदुपारी गोठ्यात आला. पायातल्या चपला काढायचंही त्याच्या ध्यानात राहिलं नाही. गडहिंग्लजच्या दवाखान्यातून तो सरळ इकडं आला होता. तिकडच्या एका गावात केरबा नावाच्या माणसानं हंबीररावांची कुट्टी घेतली होती. झाकण काढून त्यानं पूजा केली होती, चौकटीला हार बांधला होता आणि दुसऱ्या दिवशी तो हार पात्यात जाताना पाहून त्याचा हात पुढं गेला होता.

आक्का म्हणाल्या, "वाचाय येत न्हवतं काय रं त्येला?"

"येतंय आक्का. दोनदा वाचलंय त्यानं पुस्तक. पेनानं खुणा करून ठेवल्यात." मोहसीन माझ्या जोत्यावर बसला. "मला वळखीत न्हवता तो. पुस्तक मीच लिवलंय म्हणून सांगितलं, तर रागावला बी न्हाय. म्हणाला, पावणं, तुमी लिवल्यालं समदं पाळलं मी. हाराचं काय त्यात न्हवतं की."

मग मोहसीननं हंबीररावांची गाडी, ते कागद, ती खोडलेली ओळ, सगळं सांगून टाकलं. आक्का कडाडल्या, "मी सांगितलंय म्हणायचं हुतंस की! माझं नाव घालायचं हुतंस!" तो मान खाली घालून ऐकत राहिला. वर्षाराणीनं एवढंच विचारलं, "कुठला हात?"

"उजवाच."

ती उठून बाहेर गेली. मोहसीन रडला. मोठा माणूस गुडघ्यात डोकं घालून रडताना बघणं फार वाईट असतं. मला त्याचा राग यायला हवा होता. पण तो रडत होता ते माझ्याच जोत्यावर बसून आणि त्याला दूर सारण्याइतकी मी तरी कुठं निर्दोष होते?

आता ती ओळ पुस्तकात आहे. केरबाची बातमी कळल्यावर हंबीररावांनीच फोन करून सांगितलं, घाल, पहिल्या पानावर घाल. हंबीरराव वाईट माणूस नाहीत. फक्त त्यांना ते पटायला आणखी एक हात लागला. नव्या छपाईत पहिलंच पान आहे: कुंकू आणि हार झाकणावर, बाहेरून. पूजेसाठी झाकण काढू नका. हार आत ओढला गेला तर जाऊ द्या. हात घालू नका. मोठ्या ठळक अक्षरांत. त्यावरून कुणी भांडायला आलं नाही, कुणी मोहसीनचं नावही विचारलं नाही. आज त्याच्याकडं कामाची रांग आहे. तहरीम टंकून देते, तो लिहितो. नोकरी गेलेल्या माणसाचं असं भलं झालं, की त्याचं कौतुक करायची रीत आहे. मला ते जमत नाही आणि त्यालाही ते ऐकवत नाही.

नवं पुस्तक हातात पडलं तशी पहिली प्रत घेऊन तो गोठ्यात आला होता. तोवर माझ्या ओतीव चाकाला तडा गेला होता आणि माझ्या जागी सम्राटनं नवी कुट्टी बसवली होती. मला उचलून मागच्या भिंतीला लावून ठेवलं होतं. तिथून मला सगळं दिसत होतं. मोहसीननं पहिलं पान उघडून पुस्तक वर्षाराणीपुढं धरलं. तिनं उभ्यानं ती ओळ वाचली. आक्कांचं आणि तिचंच सांगणं होतं ते, फक्त छापील भाषेत. वाचून तिनं पुस्तक मिटलं आणि त्याला परत दिलं.

"मला नगं भाऊ," ती म्हणाली. "ज्येंचं दोनी हात हाईत, त्येस्नी द्या."

रागानं नाही म्हणाली. म्हणूनच तो तिथून हलू शकला नाही.

मित्रांनो, येत्या मंगळवारी भंगारवाला मला न्यायला येणार आहे. पुन्हा भट्टी, पुन्हा वाळूचा साचा. माझं काय होईल ते मला ठाऊक नाही. पंप होईल, चरक होईल किंवा नवी कुट्टीही होईल. जे होईल त्याच्यासोबत एक पुस्तक असेल. ते मीटरमागं खोचू नका, वाचा. आणि उद्या तुमच्यातल्याच कुणावर तसं पुस्तक लिहायची वेळ आली आणि एखादी ओळ काढ म्हणून कुणी सांगितलं, तर माझी एवढी विनंती ऐका. बरं म्हणायच्या आधी थोडं थांबा. मला थांबता येत नव्हतं, तुम्हाला येतं.